बारीक आवाज कुठे गेला?

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी सळई आहे. लांबीला दीड वीत, जाडीला तुमच्या करंगळीएवढी. रस्त्यात पडलेली दिसले तर तुम्ही मला उचलणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. माझ्यासारखीने आपली हकिकत सांगावी का, याची मला स्वतःलाच खात्री नाही. मी लढाईत गेलेली तलवार नाही. माझ्यावर कुणाचे नाव कोरलेले नाही. पण माझ्या आयुष्यात एक कोडे पडले होते आणि ते सुटायला तीन वर्षे लागली. मुलांना कोडी आवडतात असे मी ऐकून आहे, म्हणून धीर करते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझे पहिले आयुष्य एका मासेमारी बोटीच्या डिझेल इंजिनात गेले. इंजिनाच्या पोटात वॉल्व उघडणारे दांडे असतात, त्यांतली मी एक. वर ढकलले जायचे आणि खाली यायचे, दिवसभर तेवढेच काम. पुढे ते इंजिन भंगारात निघाले. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात तेव्हा एक म्हातारे इंजिन मेस्त्री होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी भंगाराच्या ढिगातून मला वेचून काढले, कट्ट्यावर टाकून माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही बोलेल." मग एका सुताराकडून माझ्या एका टोकाला फणसाच्या लाकडाची वाटोळी मूठ बसवून घेतली आणि मला आपल्या हाताखालच्या नझीरच्या हाती दिले. नझीर तेव्हा बावीस वर्षांचे होते. आज ते बासष्टचे आहेत. लोक त्यांना नझीर मेस्त्री म्हणतात.

माझे काम काय, ते समजण्यासाठी तुम्ही एक गंमत करून पाहा. लाकडी टेबलाला कान लावून बसा आणि कुणाला तरी दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खरवडायला सांगा. हवेतून जो आवाज कळलाही नसता, तो लाकडातून कसा कानाशी येऊन बसतो ते बघा. पोलादातून तर तो आणखी चांगला येतो. माझे एक टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानाला लावायची. मग इंजिनाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी काय चालले आहे, ते मी कानात सांगते. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसेच.

इंजिनात दोन तऱ्हेचे आवाज असतात. एक जाड आवाज. पिस्टनचे धपधप, वॉल्वचे टकटक. ते माझ्याशिवायही ऐकू येतात. दुसरा बारीक आवाज. बेअरिंगच्या आतल्या गोळ्या झिजू लागल्या की त्या जाड आवाजाच्या वर एक अगदी पातळ सूर निघतो. स्टीलच्या पेल्याच्या काठावरून ओले बोट फिरवले तर निघेल तसा. नझीर मेस्त्री त्याला सुई म्हणत. "सुई वाजतेय," एवढे ते म्हणाले की बोटीचा मालक मुकाट्याने बेअरिंग बदलत असे, कारण सुई आज वाजली की ते बेअरिंग चार दिवसांत नाहीतर महिन्याभरात दगा देणार हे ठरलेले.

पावसाळ्यात दोन महिने मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत इंजिने खोलून दुरुस्त होतात. बंदी उठायच्या आधी प्रत्येक बोटीवर एक रिवाज असे. इंजिनाला हार घालायचा, नारळ फोडायचा, इंजिन सुरू करायचे आणि मग मालक म्हणायचा, "मेस्त्री, सळई लावा." नझीर मेस्त्री वाकून सात ठिकाणी मला टेकवत, डोळे मिटून ऐकत. मग खांद्यावरच्या फडक्याने मला पुसत आणि दोनच शब्द बोलत, "जाऊ दे."

ते शब्द आल्याशिवाय बोट जेटीवरून हलत नसे. मला त्याचा थोडा अभिमान वाटायचा, हे कबूल करते.

आता कोडे.

तीन वर्षांपूर्वी एक दिवस माझ्या लक्षात आले की मी चुकीच्या बाजूला आहे. सदतीस वर्षे मी मेस्त्रींच्या उजव्या कानाला लागत होते. त्या दिवशी त्यांनी मला नेहमीसारखे उजव्या कानाला लावले, थोडे थांबले, आणि डाव्या कानाला लावले. मला वाटले, मान अवघडली असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने उजवा कान सुटलाच. का सुटला, हे मेस्त्रींनी स्वतःलाही विचारले नसावे. माणूस खुर्चीत कूस बदलतो तसे ते सहज झाले.

मग दुसरी गोष्ट. ते मला जोरात दाबू लागले. पूर्वी मी कानाला नुसती टेकत असे. आता काढल्यावर त्यांच्या कानाच्या पाळीवर लाल वळ दिसे. तिसरी गोष्ट, "जरा रेस वाढव" असे ते खलाशाला सांगू लागले. मी काही कमी बोलत नव्हते. इंजिन जे देत होते ते सगळे मी पोचवत होते. मग ते अर्ध्या वाटेत जात कुठे होते?

संध्याकाळी मेस्त्री मला कापडी पिशवीतून घरी नेत आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवत. तिथून मला घर दिसायचे. मेस्त्री आणि त्यांची बायको शरीफा, दोघेच. मुलगा अद्नान कुवेतला. शरीफा शिवणकाम करायची. जुन्या पायाच्या मशीनला तिने छोटी मोटर बसवून घेतली होती.

घरातही चमत्कारिक गोष्टी घडत होत्या. मेस्त्री बातम्या लावत तेव्हा टीव्हीचा आवाज एवढा मोठा करत की खुंटीवर मी थरथरत असे. शरीफा आतून काही बोलली की ते म्हणत, "नीट बोल गो. तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?"

"मी तोंडातल्या तोंडात? आख्ख्या आळीला ऐकू गेलं," शरीफा म्हणायची.

पण तीच शरीफा समोर येऊन बसली की त्यांना सगळे कळे. म्हणून तिला वाटे, हे ऐकू येऊनही दुर्लक्ष करतात. एकदा दुपारी उन्हात बसले असताना मेस्त्रींनी विचारले, "आज रातकिडे दिवसाच ओरडतायत का?" बाहेर एकही रातकिडा नव्हता. शरीफाने वर पाहिले आणि पुन्हा शिवायला लागली. मला मात्र ते फार दिवस आठवत राहिले. नसलेला आवाज ऐकू येतो आणि असलेला येत नाही, हे कसे?

दर शुक्रवारी अद्नानचा फोन येई. आधी मेस्त्री अर्धा तास बोलत. मग पाच मिनिटे. मग "घे, तू बोल, मला काम आहे" म्हणून फोन शरीफाच्या हातात. काम काही नसे. ते ओट्यावर जाऊन नुसते बसत.

लग्नाकार्यात ते पूर्वी चार माणसांना हसवत. आता कोपऱ्यात बसू लागले. सगळे हसले की हसत, पण थोडे उशिरा. नातेवाईक म्हणाले, वय झाले, शांत झालेत.

आणि बहिरे तर ते अजिबात नव्हते. जेटीवरचा बर्फाचा ट्रक भोंगा वाजवी तो त्यांना ऐकू येई. मशिदीची बांग ऐकू येई. महिपत त्यांना जेटीच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारी तीही ऐकू येई. महिपत म्हणजे एका बोटीचा मालक आणि तांडेलही, म्हणजे बोट चालवणारा. त्याच्या बापाच्या वेळेपासून त्याच्या बोटीवर मीच लागत आले होते. असा माणूस बहिरा आहे, असे कोण म्हणेल? मीही म्हटले नाही.

म्हणून दोष माझ्यावर आला.

"सळई आटली," मेस्त्री एक दिवस म्हणाले. त्यांनी माझे टोक पॉलिश पेपरने घासले. फणसाची मूठ काढून सागाची बसवली. तरी त्यांचे समाधान होईना. मग त्यांनी नवी चकचकीत सळई करून आणली आणि मला हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीत, सगळ्यांत खाली, गंजक्या नटबोल्टांत टाकले.

मित्रांनो, खरे सांगू, मला ते पटले. आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही असे कुणी म्हटले की ते चटकन पटते. मला वाटले, माझ्यातच काही तरी झिजले असेल. पोलादालाही म्हातारपण येत असेल. वर्षभर मी तळाशी पडून हाच विचार करत होते.

ह्या वर्षी जुलैच्या शेवटी पेटी महिपतच्या बोटीवर गेली. हार झाला, नारळ झाला, इंजिन सुरू झाले. मेस्त्रींनी पेटी इंजिनाच्या लाकडी बैठकीवरच ठेवली होती. त्यामुळे इंजिनाचा थरथराट लाकडातून पत्र्यात आणि पत्र्यातून माझ्यात येऊ लागला. वर्षभराने मी ऐकत होते. धपधप, टकटक, सगळे जागच्या जागी. आणि त्याच्या वर, केसासारखी बारीक, सुई.

समुद्राचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा एक पंप असतो. सुई तिथून येत होती.

नवी सळई पंपावर टेकली. माझ्या मनात आले, आता मेस्त्री थांबतील. ते थांबले नाहीत. पुढे गेले. सातही जागा झाल्या.

"काय मेस्त्री?" महिपतने विचारले.

"जाऊ दे."

मी पेटीच्या तळाशी होते आणि मला सगळे ऐकू येत होते. तरी मी काही करू शकले नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत वाईट क्षण. पण त्याच क्षणी मला कोड्याचा अर्धा भाग सुटला. सळई खराब नव्हती. ना नवी खराब, ना जुनी. आवाज मुठीपर्यंत येत होता. तो मुठीच्या पुढे हरवत होता.

बंदी उठून बोट निघाली. तिसऱ्या दिवशी पावस गावाच्या समोर, खवळलेल्या पाण्यात, महिपतच्या बोटीचा पंप जाम झाला. पट्टा तुटला, इंजिन तापले, बंद करावे लागले. सहा माणसे घेऊन बोट खडकांच्या बाजूला वाहू लागली. दुसऱ्या एका बोटीने दोर टाकला म्हणून सगळे परत आले. कुणाला काही झाले नाही.

मेस्त्रींना बोलावणे आले. महिपतने पंप खोलून ठेवला होता. बेअरिंग त्याने मेस्त्रींच्या तळहातावर ठेवले. गोळ्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या.

"ह्ये एका दिवसात व्हईल काय, मेस्त्री?"

"नाय."

"तेच म्हनतोय मी. तुमी तर सळई लावली व्हती."

मेस्त्रींनी बेअरिंग बोटांत फिरवून पाहिले. एक खलाशी हसून म्हणाला, "नवी सळई दुकानात परत करा, मेस्त्री. सांगा, ही बोलत नाय."

सगळे हसले. मेस्त्रीही हसले.  मग पेटी उचलून ते थेट घरी निघाले.

घरी आल्यावर त्यांनी पेटी जमिनीवर उपडी केली. मला शोधून काढले. शरीफा मशीनवर बसली होती. मेस्त्रींनी तिच्या मशीनच्या मोटरला आधी नवी सळई लावली, मग मला. पुन्हा नवी, पुन्हा मी.

"दोन्ही सारख्याच मेल्या," ते म्हणाले.

"आणा बगू इकडे." शरीफाने मला घेतले, मूठ कानाला लावली आणि लगेच दूर केली. "अगो बाई. ही तर केवढी किंचाळतेय."

"कोण?"

"तुमची सळई. चहाचं पाणी उकळायच्या आधी भांडं करतं ना, तसा बारीक सूर आहे."

मेस्त्रींनी मला तिच्या हातातून घेतले. उजवा कान, डावा कान. "मला धडधड येतेय फक्त."

"त्याच्या वर."

"वर काही नाय."

तिने पुन्हा ऐकले. सूर होता. त्यांनी पुन्हा ऐकले. नव्हता. तीन वेळा मी दोघांच्या मधे गेले आणि आले. मग शरीफाने मशीन बंद केले. खोलीत एकदम शांत झाले. ती उठून त्यांच्या समोर येऊन बसली.

"अद्नान दर शुक्रवारी मला विचारतो, अब्बा माझ्यावर रागावलेत का. मी सांगते, कामात असतात."

"रागावीन कशाला?"

"मग बोलत का नाय त्याच्याशी?"

 मग मेस्त्री म्हणाले, "फोनमधला त्याचा आवाज येतो. शब्द येत नाय. अर्धे शब्द गळून जातात. किती वेळा विचारू, काय म्हणालास, काय म्हणालास?"

"मला का नाय सांगितलंत?"

"भोंगा ऐकू येतो मला. बांग ऐकू येते. मला वाटलं, फोन खराब आहे."

"फोन खराब, टीव्ही खराब, सळई खराब, मी तोंडातल्या तोंडात बोलते," शरीफा म्हणाली. "एवढं सगळं एकदम खराब होतं काय हो?"

मेस्त्रींना हसू आले, पण ते टिकले नाही. "हे बाहेर कळलं तर एक बोट माझ्याकडे यायची नाय, शरीफा. मेस्त्रीचा कान गेला म्हणजे मेस्त्री गेला."

"आणि बोट गेली तर?"



दोन दिवसांनी ते दोघे शहरातल्या दवाखान्यात, कानाची तपासणी करतात तिथे गेले. मेस्त्रींनी मलाही पिशवीत घेतले होते. का, ते मला माहीत नाही. कदाचित साक्षीदार म्हणून. तपासणी करणाऱ्या बाईंचे नाव दर्शना. वयाने अद्नानएवढ्या असतील. त्यांनी खुर्ची मेस्त्रींच्या समोर ओढून घेतली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"काका, गर्दीत बोलणं समजायला त्रास होतो का?"

"नाय."

मागे बसलेल्या शरीफाने मान हलवून हो म्हटले.

"टीव्ही मोठा लावता असं घरचे म्हणतात का?"

"नाय."

शरीफाने पुन्हा हो म्हटले.

"लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात असं वाटतं का?"

"वाटतं काय, बोलतातच."

दर्शनाबाईंनी हसू आवरले आणि कागदावर काहीतरी लिहिले. मग त्यांनी एक चकाकणारी दोन बोटांची वस्तू काढली, तळहातावर आपटली आणि तिचा दांडा मेस्त्रींच्या कानामागच्या हाडाला लावला. तो नादकाटा होता. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याचे चित्र असेल. मी पिशवीतून त्याच्याकडे बघतच राहिले. पोलादाचा, दांड्याने आवाज पोचवणारा, माझा लांबचा भाऊच म्हणा. मला एवढे दिवस वाटायचे, हे काम जगात मी एकटीच करते.

मग मेस्त्रींना काचेच्या खिडकीच्या एका लहान, बंद खोलीत बसवले. कानांवर जाड टोप्या, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. दाबले की बाहेर दर्शनाबाईंच्या समोर दिवा लागे. शरीफाने मला पिशवीसकट मांडीवर धरले होते. आम्ही दोघी दिव्याकडे बघत होतो. आधी दिवा भराभर लागत होता. मग दर्शनाबाई आवाज बारीक करत गेल्या. दिवा थांबून थांबून लागू लागला. मग लागेनासा झाला. काचेपलीकडे मेस्त्री बटणावर अंगठा ठेवून, डोळे मिटून, इंजिनावर वाकतात तसे वाकून बसले होते. आवाज चालू होता. दिवा बंद होता. शरीफाने पिशवी घट्ट धरली.

तपासणीचा कागद मेस्त्रींपुढे आला. त्यावर एक रेघ होती. डावीकडून सरळ सपाट चालत आलेली आणि मग एकदम खाली कोसळलेली.

मेस्त्रींनी ती बोटाने गिरवली. "हा तर आपला सडा," ते म्हणाले. "कातळावरून सपाट चालत जायचं आणि समोर एकदम कडा. खाली समुद्र."

"अगदी तसंच आहे, काका," दर्शनाबाई म्हणाल्या. "सपाट भाग म्हणजे जाड आवाज. ते तुम्हाला चांगले ऐकू येतात. कडा म्हणजे बारीक आवाज. चाळीस वर्षं इंजिनाच्या खोलीत काम केलंत, कानात कधी काही घातलं होतं?"

"कानात घातलं तर इंजिन ऐकणार कशानं?"

"तेच झालं. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या झिजतात, आणि बारीक आवाजाच्या आधी जातात. इतक्या हळू, की माणसाला स्वतःला कळत नाही. शब्दांतले स, त, फ असले आवाज बारीकच असतात. ते गळाले की बोलणं ऐकू येतं पण समजत नाही. म्हणून वाटतं, समोरचाच नीट बोलत नाही. कानात रातकिडे ओरडल्यासारखं वाटतं?"

मेस्त्री चपापले. "तुम्हाला कसं कळलं?"

"पुष्कळ जणांना होतं. उजवा कान जास्त गेलाय. ऐकायचा कान कधी बदललात?"

"तीन वर्षं झाली."

"तेव्हाच यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, पण साखर लावूनही नव्हे. "गेलेलं परत येत नाही, काका. राहिलेलं जपता येतं. आणि कानाच्या यंत्रानं मदत होते. दोन आठवड्यांत बसवू."

मेस्त्रींनी पिशवीतून मला काढले आणि टेबलावर ठेवले. "म्हणजे ही खराब नाय?"

दर्शनाबाईंनी मला उचलले, टेबलाच्या काठावर हळूच टेकवले आणि कानाला लावून पाहिले. "उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

कोडे सुटले होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मेस्त्रींचा चेहरा पाहून तो झाला नाही.

यंत्र यायच्या आधीच महिपतचे इंजिन दुरुस्त होऊन तयार झाले. मेस्त्रींच्या मनात काय चालले होते ते मला सांगता येणार नाही. जेटीवर जाताना वाटेत ते दोनदा थांबले आणि दोनदा पुन्हा चालू लागले. परत घरी जावे, ताप आला सांगावे, असेही त्यांना वाटले असेल. माणसाला असे वाटते. मला त्यात वाईट काही दिसत नाही. बोटीवर सहाही माणसे होती. इंजिन सुरू झाले.

"मेस्त्री, सळई लावा," महिपत म्हणाला. आवाजात नेहमीचा भरवसा नव्हता.

मेस्त्रींनी मला बाहेर काढले आणि महिपतच्या पुढे धरले. "तू लाव."

"मी? मी काय मेस्त्री हाय?"

"मला बारीक आवाज ऐकू येत नाय. तपासून आलोय. त्या दिवशी पण आला नव्हता. जाऊ दे म्हटलं ते न ऐकताच म्हटलं."

 

"सहा माणसं व्हती, मेस्त्री," महिपत म्हणाला.

"माहीत आहे."

"तेव्हाच का नाय सांगितलंत?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं." मेस्त्रींनी मला अजून तसेच पुढे धरले होते. "आणि थोडं माहीत होतं."

महिपत त्यांच्याकडे बघत राहिला.  मग त्याने हात पुढे केला. त्याचा हात मेस्त्रींपेक्षा मोठा आणि खरखरीत होता. त्याने मूठ कानाला लावली. "काय ऐकू?"

"आधी जाड ऐक. ते ऐकलंस की ते सोडून दे. मग त्याच्या वर काही आहे का बघ."

"नाय. साफ हाय."

"पुढं ये. इथं?"

"साफ."

"गिअरबॉक्सच्या बाजूला लाव. जोरात दाबू नको, नुसती टेकव."

महिपतने डोळे मिटले. बराच वेळ तो हलला नाही. "हितं वाईच कायतरी हाय, मेस्त्री. केसाएवढं. येतंय आणि जातंय."

"येतं-जातं की लागून राहतं?"

"येतंय-जातंय."

मेस्त्रींनी त्याच जागेवर तळहात ठेवला, मग इंजिन बंद करायला सांगितले. उघडून पाहिले तर एक बेअरिंग ग्रीसवाचून कोरडे पडले होते. अजून झिजले नव्हते. ग्रीस भरून पुन्हा सुरू केले, पुन्हा सातही जागा झाल्या. महिपतने मला आपल्याच सदऱ्याला पुसले.

"मग?" तो म्हणाला. "आता कोन म्हननार जाऊ दे? मी म्हनलो तर ही माणसं चढायची नायत बोटीवर."

"मग दोघं मिळून म्हणू," मेस्त्री म्हणाले.

त्यानंतर दोन बोटी दुसऱ्या मेस्त्रीकडे गेल्या. ते लपवण्यात अर्थ नाही. बाकीच्या राहिल्या. प्रत्येक बोटीवर आता एक तरुण कानाचा माणूस मला लावतो आणि काय ऐकू येते ते सांगतो. त्याचा अर्थ मेस्त्री लावतात. इंजिनाच्या खोलीत ते कानांवर जाड टोप्या घालतात. खलाशी म्हणतात, मेस्त्री विमान चालवायला निघाले. घरी आल्यावर कानामागे यंत्र लावतात. पहिले काही दिवस ते त्यांना मुळीच आवडले नाही. ताटलीवर चमचा पडला तरी दचकायचे. मग एका शुक्रवारी अद्नानशी चाळीस मिनिटे बोलले. काय बोलले ते मी ऐकले, पण ते त्यांचे त्यांच्यात राहू द्या.

मित्रांनो, हे सगळे सांगण्याचा मला किती अधिकार आहे, ठाऊक नाही. पण एक गोष्ट मी शिकले. कान जायला लागतो तेव्हा दुखत नाही, रक्त येत नाही. तो सगळा एकदम जात नाही, म्हणून जातो आहे असे वाटतही नाही. ज्याचा जातो त्याला सगळ्यांत शेवटी कळते. आजूबाजूच्यांना मात्र आधी दिसते. कुणी फोन टाळतो, कुणी तेच तेच विचारतो, कुणी मान वळवून एकच कान पुढे करतो, कुणी सगळ्यांच्या नंतर हसतो. तेव्हा त्याची थट्टा करू नका, आणि तो मुद्दाम दुर्लक्ष करतो असेही ठरवून टाकू नका. समोर बसा, तोंड दिसेल असे बसा, आणि जे दिसले ते सांगा. मग त्याच्याबरोबर कान तपासायला जा. आणि तुमचे स्वतःचे कान, गाणी ऐकायला कानात घालता त्या छोट्या यंत्रांपासून, जपा.

त्या जुलैच्या सकाळी मी पेटीच्या तळाशी होते. मला सगळे कळत होते आणि तोंडातून एक शब्द काढता येत नव्हता. तुम्हाला बोलता येते.